कमी आकड्याचा भरवसा

बीड जिल्ह्याचे नाव राज्याच्या आकडेवारीत बहुधा तळाच्या ओळीत सापडते. पाऊस कमी, सिंचन कमी, कारखाने कमी. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतील दर हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८०७ निघाल्या आणि त्या कोष्टकात बीडने महाराष्ट्रात नीचांक गाठला. एका कोष्टकातले तळाचे स्थान मात्र समाधान वाटावे असे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये देशातील २८ कर्करोग नोंदणी केंद्रांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील माहिती २०१२ ते २०१६ या काळातील होती. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, आणि बीड या दोन जिल्ह्यांची त्यात एकत्रित नोंद आहे. सर्व प्रकारच्या कर्करोगांचे प्रमाण देशात सर्वांत कमी आढळले ते याच टापूत. दर लाख पुरुषांमागे वर्षाला ४० च्या आत आणि दर लाख स्त्रियांमागे ५० च्या आसपास, असे ते प्रमाण होते. त्याच अहवालात हैदराबादमध्ये एकट्या स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण लाखामागे ४८ होते. हैदराबादच्या स्त्रियांत एका अवयवाच्या कर्करोगाचे जेवढे प्रमाण, जवळजवळ तेवढेच बीड-धाराशिवच्या स्त्रियांत सर्व अवयवांच्या कर्करोगांचे मिळून होते.

हे प्रमाण वयाचा हिशेब जमेस धरून काढलेले असते, हे येथे सांगावयास हवे. कर्करोग वाढत्या वयाबरोबर वाढतो. म्हणून ज्या गावात म्हातारी माणसे अधिक त्या गावात रुग्ण अधिक दिसणारच. दोन ठिकाणांची तुलना न्याय्य व्हावी म्हणून दोन्हीकडची वयोरचना सारखीच आहे असे मानून आकडा नव्याने मांडला जातो. तेव्हा ‘बीडमध्ये तरुण अधिक म्हणून रोग कमी’ असे उत्तर देऊन मोकळे होता येत नाही. मग हा कमी आकडा कशाचा? आरोग्याचा, अज्ञानाचा, की केवळ वेळेचा? स्तनाच्या कर्करोगाचा जगातील आणि महाराष्ट्रातील दीर्घकालीन प्रवास पाहिला म्हणजे या तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य असल्याचे दिसून येते. त्यांपैकी शेवटचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे.

मुंबईची साठ वर्षे

महाराष्ट्राला या रोगाचा दीर्घ इतिहास वाचावयास मिळतो तो मुंबईमुळे. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. शहरातील प्रत्येक रुग्णाची नोंद व्हावी या हेतूने चाललेले हे देशातील पहिले काम होय. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या नोंदणीने प्रारंभीच एक लक्षणीय गोष्ट दाखविली. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांतील स्त्रियांपेक्षा पुष्कळच अधिक होते. शहर तेच, हवा तीच, पाणीही तेच. भेद होता तो जीवनक्रमाचा. पारशी स्त्रिया आधी शिकल्या, उशिरा विवाहबद्ध झाल्या आणि त्यांना मुलेही थोडी झाली. पुढच्या दशकांत शहरातील इतर समाज त्याच वाटेने गेले आणि त्यांचा आकडाही त्याच दिशेने सरकला. १९७६ ते २००५ या तीस वर्षांच्या नोंदींनुसार मुंबईतील प्रमाण दरसाल सुमारे एक टक्क्याने वाढत गेले. वाढ जुजबी वाटली तरी चक्रवाढीच्या हिशेबाने ती तीस वर्षांत एकतृतीयांशाहून अधिक होते. पन्नाशीपुढील स्त्रियांत तिचा वेग अधिक होता. १९६० च्या दशकात मुंबईच्या स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता. शतक संपण्यापूर्वीच ती जागा स्तनाच्या कर्करोगाने घेतली.

यामागील कार्यकारणभाव वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून खुणावत होता. इटालियन वैद्य रामाझिनी याने अठराव्या शतकाच्या प्रारंभीच नोंदविले होते की, मठातील अविवाहित जोगिणींना हा रोग अधिक होतो. १९२६ मध्ये इंग्लंडच्या जेनेट लेन-क्लेपन यांनी रुग्ण आणि निरोगी स्त्रियांची पद्धतशीर तुलना केली आणि अपत्यांची संख्या, विवाहाचे वय व स्तनपान यांचा संबंध दाखवून दिला. २००२ मध्ये तीस देशांतील ४७ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे सात टक्क्यांनी आणि स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आणखी चार टक्क्यांहून थोडा अधिक घटतो, असे त्यात आढळले. स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांचे मासिक चक्र जितकी वर्षे अखंड चालते, तितकी वर्षे स्तनातील पेशींना वाढीची आज्ञा मिळत राहते. गर्भारपण आणि अंगावर पाजणे हे त्या चक्रातले विसावे होत. लवकर येणारी पाळी, उशिरा जाणारी पाळी, उशिरा झालेले पहिले बाळंतपण, उतारवयातील स्थूलपणा आणि मद्यपान या गोष्टी धोका वाढवितात.

आता बीडकडे वळावे. येथील स्त्रीला आजवर जे संरक्षण लाभले ते कोणत्या किमतीत, हे पाहिले पाहिजे. अल्पवयातील विवाह, विशीच्या आत पहिले मूल, एकामागून एक बाळंतपणे आणि प्रत्येक मुलाला दोन-दोन वर्षे अंगावर पाजणे, असा तो जीवनक्रम होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही बीडमधील विशीतल्या तरुण विवाहितांत अठरा वर्षांपूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण मोठे आढळले आणि जिल्हा राज्यात अग्रभागी राहिला. अशा आयुष्यातून येणारी रोगमुक्ती हेवा करण्याजोगी नव्हे. स्तनाचा कर्करोग टळला तरी त्याच आयुष्यात रक्तक्षय आणि बाळंतपणातला मृत्यू यांची टांगती तलवार होतीच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची भीतीही त्याच आयुष्यात अधिक.

तो जीवनक्रम आता बदलत आहे, आणि तो बदलावयासच हवा. राज्याचा सरासरी जननदर स्त्रीमागे १.७ वर आला आहे. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील महाविद्यालयांत खेड्यांतून येणाऱ्या मुलींचे वर्ग भरू लागले आहेत. त्यांची लग्ने पुढे जातील, त्यांना एक-दोनच मुले होतील, त्या अधिक जगतील आणि त्यांपैकी काहींना वयाच्या पन्नाशी-साठीत स्तनाचा कर्करोग होईल. ही शिक्षणाला मिळालेली शिक्षा आहे, असा अर्थ कोणी काढू नये. मुंबईने जी वाट साठ वर्षांपूर्वी धरली ती बीडने आज धरली आहे, एवढाच त्याचा अर्थ. बीडचा कमी आकडा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. तयारीसाठी मिळालेला तो अवधी आहे.

पुरुषही अपवाद नव्हेत

हा रोग केवळ स्त्रियांचा, अशी सार्वत्रिक समजूत आहे. पुरुषाच्या छातीतही स्तनाची अविकसित ऊती असते आणि तिच्यातही कर्करोग होऊ शकतो. एकंदर रुग्णांत पुरुष शंभरात सुमारे एक. अमेरिकेच्या नोंदींनुसार १९७३ मध्ये लाख पुरुषांमागे ०.८६ असलेले प्रमाण १९९८ मध्ये १.०८ झाले. आकडा लहान असला तरी त्याचे शास्त्रीय मोल मोठे आहे. पाश्चात्त्य देशांत स्त्रियांमधील वाढ काही अंशी क्ष-किरण तपासणीमुळे दिसू लागली, कारण जे पूर्वी सापडत नव्हते ते सापडू लागले. पुरुषांची अशी सरसकट तपासणी कोठेच होत नाही. तरीही त्यांच्यात वाढ दिसली. तेव्हा सारी वाढ तपासणीच्या यंत्राच्या माथी मारता येत नाही. वाढते वय, स्थूलपणा, यकृताचे विकार, संप्रेरकांचे असंतुलन आणि वंशपरंपरेने आलेला जनुकदोष ही पुरुषांमधील प्रमुख कारणे होत.

पुरुषाच्या छातीवर मेदाचा थर पातळ असल्याने गाठ हाताला लवकर लागावयास हवी. प्रत्यक्षात घडते ते उलट. बोंडामागची गाठ, आत ओढले गेलेले बोंड किंवा त्यातून येणारे रक्त हे ‘मार लागला असेल’ म्हणून अंगावर काढले जाते. रुग्ण येतो तो उशिरा, आणि स्त्रियांच्या सरासरीपेक्षा पाचेक वर्षे अधिक वयाचा होऊन. आणखी एक गोष्ट कुटुंबांनी ध्यानात ठेवावी. जनुकदोष बापाकडूनही लेकीकडे येतो. ‘आईला होता का?’ एवढेच विचारून भागत नाही. आत्या, आजी आणि स्वतः वडील यांची चौकशीही तितकीच आवश्यक आहे.

मोजणीबाहेरचे आजार

कमी आकड्याचा दुसरा अर्थ अज्ञानाचा. जो रोगी डॉक्टरपर्यंत पोहोचलाच नाही, त्याची नोंद होत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर नेमके कारण नसेल तर तेथेही तो निसटतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यवहारात शहाणपणाची असेल. कर्करोगाच्या बाबतीत मात्र ती घातक ठरते.

ही अडचण बीडच्या शेजारीच कोणी ओळखली आणि तीवर उपायही काढला, हे या भागाचे भाग्य. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांची ती नोंदणी होती. शहरातील नोंदणी रुग्णालयाच्या कागदपत्रांवर चालते. येथे कागदपत्रेच नव्हती. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले. कोणाला गाठ आहे, कोणाच्या अंगावरून जाते, कोणाचे तोंड उघडत नाही, याची ते चौकशी करीत, लोकांना लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णाला तपासणीस आणत. मोजण्यासाठी सुरू झालेल्या कामातून लोकशिक्षण घडले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे काही वर्षांतच दिसून आले आणि १९९५ मध्ये ते शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्धही झाले. त्या काळी बार्शीच्या स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रक्रमावर होता आणि स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी होते. पुढे १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला गर्भाशयमुख तपासणीचा प्रकल्प याच संस्थेच्या सहभागाने झाला. तपासणीस बोलावलेल्या पाच स्त्रियांपैकी सुमारे चार आल्या. खेड्यातील बाई तपासणीला येत नाही, ही सबब त्या दिवशी संपली.

बीडमध्ये मात्र कर्करोग या शब्दाचा वेगळाच वापर झाला. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ८२,३०९ स्त्रियांची पाहणी आली; त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. शंभरात जवळजवळ सतरा. ‘पिशवी काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती दाखविली गेल्याचे अनेकींनी सांगितले. पोटदुखीची, अंगावरून जाण्याची साधी तक्रार घेऊन आलेल्या तिशीतल्या स्त्रीचा निरोगी अवयव त्या भीतीपोटी गेला. त्याच स्त्रीच्या स्तनाची तपासणी मात्र क्वचितच झाली असेल. २०१९-२१ च्या पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी स्तनाची तपासणी कधी काळी झालेल्या शंभरात एकही पुरती नव्हती. सोनोग्राफीच्या यंत्राची कथा याहून निराळी नाही. तरुण स्त्रीच्या स्तनातील गाठ पाण्याची की भरीव, हे सांगण्यास ते यंत्र अत्यंत उपयुक्त आहे. बीडमध्ये ते गाजले मात्र गर्भातील मुलगी ओळखण्यासाठी. ८०७ हा आकडा त्याची साक्ष आहे. यंत्र आले आणि भीतीही आली; स्त्रीच्या आरोग्याची दृष्टी तेवढी आली नाही.

वाढ होईल, मृत्यू टळू शकतात

पाश्चात्त्य देशांच्या अनुभवातून एक आश्वासक गोष्ट निघते. तेथे रोगाचे प्रमाण आजही अधिक आहे, परंतु ब्रिटन आणि अमेरिकेत १९९० च्या सुमारापासून स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सतत उतरत गेले आहे. लवकर निदान, सुधारलेली शस्त्रक्रिया, किरणोपचार, रासायनिक औषधे आणि टॅमॉक्सिफेनसारख्या संप्रेरकरोधक गोळ्या यांचे हे फळ. तपासणीची मोहीम नसूनही पुरुष रुग्णांच्या जगण्यात तेथे सुधारणा झाली; म्हणजे नुसत्या चांगल्या उपचारांनीही जीव वाचतात. भारतात २०२२ मध्ये अंदाजे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि ९८ हजारांवर स्त्रिया त्याने दगावल्या. अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षे जगणारे शंभरात नव्वद; भारतात सुमारे सहासष्ट. गाठ स्तनापुरती मर्यादित असताना उपचार सुरू झाले तर भारतातही ऐंशीच्या आसपास स्त्रिया पाच वर्षे पार करतात. रोग दूरच्या अवयवांत पसरल्यावर वीसही नाहीत. फरक पडतो तो रुग्ण किती लवकर पोहोचतो यामुळे.

त्यासाठी प्रत्येक तालुक्याला महागडे क्ष-किरण यंत्र हवेच असे नाही. टाटा स्मृती रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक दीर्घ प्रयोग सुरू केला. थोडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनाची तपासणी करावयाची, एवढेच त्याचे स्वरूप. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंची तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयास हवी. बीडमध्ये आशा सेविका आहेत, उपकेंद्रे आहेत, अंबाजोगाईस १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. कमतरता योजनेची नाही, अंमलाची आहे.

बीडच्या अंमलाला मात्र एक खास अडचण आहे, आणि ती म्हणजे कोयता. दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. उचल घेतली जाते ती नवरा-बायको मिळून एका कोयत्याची. एक दिवस काम बुडाले तर खाडा पडतो आणि त्याचा दंड मुकादम कापून घेतो. स्तनाच्या कर्करोगाची रासायनिक औषधे बहुधा दर तीन आठवड्यांनी, काही महिने घ्यावी लागतात. किरणोपचारासाठी तीन ते पाच आठवडे जवळजवळ रोज हजर राहावे लागते. त्यासाठी बार्शी, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर किंवा पुण्याची वाट धरावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपचाराचा खर्च उचलते, पण ती खाडा भरून देत नाही, उचल फेडीत नाही आणि दुसऱ्या गावातील खोलीचे भाडेही देत नाही. म्हणून उपचार अर्धवट सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीन कसोट्या सांगितल्या : शंभरातील साठ रुग्णांचे निदान पहिल्या दोन अवस्थांत व्हावे, लक्षण घेऊन आल्यापासून साठ दिवसांत निदान पुरे व्हावे, आणि ऐंशी रुग्णांनी उपचार शेवटपर्यंत घ्यावेत. बीडमध्ये तिसरी कसोटी सर्वांत अवघड ठरणार आहे, आणि तिचे उत्तर केवळ रुग्णालयात मिळणार नाही. ते मजुरीच्या करारात शोधावे लागेल.

तेव्हा करावयाच्या गोष्टी फार गूढ नाहीत. दसऱ्यापूर्वी टोळ्या निघण्याआधी आणि परतल्यावर, अशा दोन वेळी स्त्रियांची तपासणी व्हावी आणि तीत स्तन व गर्भाशयमुख या दोहोंचा समावेश असावा. उपचार चालू असलेल्या स्त्रीची उचल कल्याण मंडळाच्या निधीतून स्थगित व्हावी. गाठ पाहण्यासाठी आठवड्यातील एक ठरलेला दिवस प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असावा. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी हा विषय लाजेच्या पडद्याआडून बाहेर काढावा. न दुखणारी गाठ अधिक संशयास्पद असते, बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि तरीही प्रत्येक गाठ दाखवावी, ही तीन वाक्ये दहावीच्या मुलीला आणि मुलालाही सांगता येण्याजोगी आहेत.

पुढील दहा-वीस वर्षांत बीडचा आकडा वाढलेला दिसेल. काही वाढ बदलत्या जीवनाची असेल, काही वाढत्या आयुर्मानाची आणि काही केवळ चांगल्या मोजणीची. त्या वाढीने दचकून जाऊ नये आणि आजच्या नीचांकाने फुशारूनही जाऊ नये. किती स्त्रियांना रोग झाला, हा आकडा जिल्ह्याच्या हाती फारसा नाही. किती जणी, आणि किती पुरुष, गाठ लहान असताना आले आणि किती जणांनी उपचार पुरे केले, हा आकडा पूर्णपणे जिल्ह्याच्या हाती आहे. बीडची परीक्षा पुढे त्याच आकड्यावर व्हावी.